पाणी आणि हवामानाची खुली आकडेवारी सोलापूरकरांच्या किती उपयोगाची? एक परीक्षण

सोलापूर जिल्ह्यात पाण्याविषयी कोणताही निर्णय घ्यायचा असेल, मग तो उसाच्या लागणीचा असो, विंधन विहिरीचा असो किंवा गावाच्या पाण्याच्या ताळेबंदाचा, तर त्यासाठी लागणारी बरीचशी आकडेवारी आज सरकारी संकेतस्थळांवर विनामूल्य उपलब्ध आहे. गावांना ताळेबंद मांडायला मदत करताना या सेवा मी नियमित वापरतो. त्यांत जलसंपदा विभागाचा रोजचा धरणसाठा तक्ता, केंद्राची इंडिया-डब्ल्यूआरआयएस ही जलसंसाधन माहिती प्रणाली, कृषी विभागाचे महारेन हे पावसाच्या नोंदींचे संकेतस्थळ आणि पुण्याच्या हवामान खात्याची दीर्घकालीन पर्जन्यमान मालिका यांचा मुख्यतः समावेश होतो. मोजणीच्या बाबतीत आपण मागे नाही, असे माझे मत झाले आहे. उणीव आहे ती मोजलेले लोकांपर्यंत कोणत्या रूपात पोहोचते, याबाबतीत.

धरणसाठ्याच्या तक्त्यापासून सुरुवात करतो, कारण उजनी धरणाचा टक्का आपल्याकडे पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात घरोघरी विचारला जातो. तक्त्यात धरणाची क्षमता, आजचा उपयुक्त साठा, त्याची टक्केवारी आणि गतवर्षी याच दिवशी असलेला साठा एका ओळीत मिळतो. ही गतवर्षीची तुलना फार मोलाची आहे. मात्र केवळ टक्का पाहणाऱ्याची दिशाभूल होऊ शकते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातील ५३.५७ टीएमसी उपयुक्त, तर त्याखालचा ६३.६६ टीएमसी मृतसाठा धरला जातो. टक्केवारी काढली जाते ती उपयुक्त साठ्यावर, आणि पाणी मृतसाठ्यात उतरले की ती उणे होते. त्यामुळे २०२४ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस धरण उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेले, तेव्हा हिशेबाने धरणात अजून सुमारे साडेएकतीस टीएमसी पाणी शिल्लक होते. पुण्याच्या खडकवासला साखळीतील चार धरणांची मिळून उपयुक्त क्षमता २९.१५ टीएमसी आहे, हे लक्षात घेतले तर हा साठा केवढा होता, ते कळते. तरीही कालवे बंद होते आणि शहरासाठी दुबार पंपिंगची, म्हणजे दोन टप्प्यांत पाणी उपसण्याची, व्यवस्था करावी लागली, कारण ते पाणी खालच्या पातळीत होते आणि तेथे गाळही मोठ्या प्रमाणात बसलेला आहे. म्हणजे ‘उणे ६०’ या एका आकड्यातून ना पाणी किती आहे ते समजते, ना ते कोणाला मिळू शकते ते. टक्क्याच्या शेजारी एकूण साठा, पाणीपातळी आणि गाळाचे सर्वेक्षण शेवटचे कोणत्या वर्षी झाले ही नोंद दिली, तर तोच तक्ता कितीतरी अधिक प्रामाणिक होईल. एककांचेही तसेच. कुठे दशलक्ष घनमीटर, कुठे टीएमसी असे आकडे येतात आणि शेतकऱ्याला २८.३ ने गुणाकार-भागाकार करत बसावे लागते. दोन्ही एकके शेजारी शेजारी छापणे मुळीच अवघड नाही.

इंडिया-डब्ल्यूआरआयएस ही या सर्वांतील सर्वांत व्यापक सेवा आहे. २०१९ मध्ये तिची नवी आवृत्ती आली आणि राष्ट्रीय जलविज्ञान प्रकल्पातून तिला बळ मिळाले. राज्य, जिल्हा किंवा खोरे निवडून धरणसाठा, नदीची पातळी, भूजल, पाऊस असे विषय ठरावीक कालावधीसाठी पाहता येतात आणि तक्ता उतरवून घेता येतो. आपले भाग्य असे की आपण कृष्णा खोऱ्यात आहोत. गंगा, सिंधू आणि ब्रह्मपुत्रा या आंतरराष्ट्रीय खोऱ्यांतील प्रवाहाच्या आकडेवारीवर जी बंधने आहेत, ती भीमा आणि सीनेला लागू होत नाहीत. केंद्रीय जल आयोग भीमेवर टाकळी येथे आणि सीनेवर वडकबाळ येथे मोजणी करतो. दक्षिण सोलापूर तालुक्यातील शाळांनी या दोन नोंदी वर्गात दाखवाव्यात, असे मला मनापासून वाटते. ही सेवा इंग्रजीत आहे, ही तिची मोठी मर्यादा आहे. ज्याच्या विहिरीवरून आणि ज्याच्या नदीवरून आकडे गोळा होतात, त्याला ते त्याच्या भाषेत वाचता आले पाहिजेत.

सप्टेंबर २०२५ मधील सीनेच्या पुराने वेळेवर मिळणाऱ्या आकड्याचे महत्त्व दाखवून दिले. अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवच्या भागात कोसळलेला पाऊस करमाळा, माढा, मोहोळमार्गे खाली आला आणि एरवी कोरडी दिसणारी नदी महामार्गाला भिडली. त्या दिवसांत गावकऱ्यांचा प्रश्न एकच होता: वरून किती क्युसेक सोडले, किती वाजता सोडले आणि ते आमच्या पुलापर्यंत कधी पोहोचणार? सीना-कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांच्या विसर्गाचे आकडे मोबाइलवरून फिरत होते, पण त्यांपैकी कित्येक संदेशांवर तारीख नव्हती, वेळ तर नव्हतीच. सकाळचा विसर्ग संध्याकाळी ताजा म्हणून वाचला गेला, तर त्या माहितीपासून धोकाच संभवतो. उजनीच्या बाबतीत दौंडकडून धरणात येणाऱ्या पाण्याची आवक रोज पाहण्याची सवय लोकांना लागली आहे. तशीच सोय सीनेसाठी, प्रत्येक नोंदीवर वेळेचा शिक्का असलेली आणि मराठीत, उभी राहणे निकडीचे आहे.

पावसाच्या आकडेवारीत महारेनचा उपयोग सर्वाधिक होतो, कारण ती महसूल मंडळापर्यंत उतरते. महावेध या प्रकल्पाच्या स्वयंचलित हवामान केंद्रांमुळे पाऊस, तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग यांची मंडळनिहाय नोंद होते. परंतु २४ तासांत ६५ मिलिमीटरची मर्यादा ओलांडली की अतिवृष्टी, हा निकष असताना आणि मदतीच्या निर्णयात तो वापरला जात असताना, एका मंडळातील अनेक गावांसाठी एकच पर्जन्यमापक पुरेसा नाही. आपल्याकडचा पाऊस शिवार सोडून शिवारात पडतो. केंद्रावर ६० मिलिमीटर भरला आणि ओढ्यापलीकडच्या रानात कांदा पाण्याखाली गेला, तर कागदावर त्या शेतकऱ्याकडे अतिवृष्टी झालेलीच नसते. म्हणूनच ग्रामपंचायत पातळीवर पर्जन्यमापक बसवण्याची केंद्राने २०२३ मध्ये आणलेली ‘विंड्स’ योजना महत्त्वाची आहे. केंद्र नेमके कुठे आहे, त्याच्याभोवती झाडे किंवा भिंत आहे का, ते कोणत्या दिवशी बंद होते, हेही आकड्यांबरोबर प्रसिद्ध झाले पाहिजे. बंद यंत्राचा शून्य आणि कोरड्या दिवसाचा शून्य तक्त्यात सारखाच दिसत असेल, तर सगळ्या मालिकेवरचा विश्वास उडतो.

हवामान बदलाविषयी बोलायचे तर लांब पल्ल्याची मालिका हवी, आणि ती पुण्याच्या हवामान खात्याने खुली केली आहे. १९०१ पासूनचा रोजचा पाऊस अक्षांश-रेखांशाच्या पाव अंशाच्या चौकोनांत मिळतो. सुमारे १५ हजार चौरस किलोमीटरच्या आपल्या जिल्ह्यावर असे वीसेक चौकोन पडतात. वार्षिक बेरीज तीच राहूनही पावसाचे दिवस कमी होऊ शकतात, खंड लांबू शकतो, सगळा भर परतीच्या पावसावर येऊ शकतो; आणि ज्वारीची पेरणी करणाऱ्याला बेरजेपेक्षा या गोष्टी अधिक महत्त्वाच्या असतात. रोजची मालिका असल्यामुळे त्या तपासता येतात. अडचण एवढीच की ही माहिती संगणकाचे प्रोग्रॅमिंग येणाऱ्यालाच उघडता येईल अशा स्वरूपात आहे. तालुकानिहाय साधा तक्ता करून देण्याचे काम आपल्या विद्यापीठातील आणि महाविद्यालयांतील विद्यार्थी प्रकल्प म्हणून सहज करू शकतील. दाट मोजणीने काय साधते, याचे उदाहरण सोलापुरातच आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ मध्ये येथे ढगांच्या बीजारोपणाचे, म्हणजे कृत्रिम पावसाचे, प्रयोग केले. त्यातून १०० चौरस किलोमीटर क्षेत्रात सरासरी १८ टक्के पाऊस वाढल्याचा निष्कर्ष निघाला, तो रडार आणि जमिनीवरील पर्जन्यमापकांचे जाळे हाताशी होते म्हणूनच.

भूजलाविषयी थोडक्यात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे अशी वर्षातून चार वेळा मोजते. केंद्राच्या अटल भूजल योजनेत भूजलाची माहिती जनतेसमोर मांडणे ही निधी मिळण्याची एक अटच होती आणि योजनेतील गावांना आपला ताळेबंद स्वतः मांडायचा होता. निधी आकडे उघड करण्याशी जोडला, हे धोरण मला या साऱ्यांत सर्वांत शहाणपणाचे वाटते आणि ते इतर योजनांनाही लावले पाहिजे. याशिवाय गावे आणि मंडळे यांची नावे वेगवेगळ्या तक्त्यांत वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेली असतात. प्रत्येक गावाला सरकारी सांकेतांक आहेच, तो सर्वत्र वापरला तर पाऊस, विहीर आणि पीक यांची माहिती एकमेकांना जोडता येईल.

आज या सेवा वापरू पाहणाऱ्यांनी त्यांतील उणिवा दूर होण्याची वाट पाहू नये. रब्बीचे नियोजन करण्यापूर्वी आपल्या मंडळाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस, जवळच्या निरीक्षण विहिरीची ऑक्टोबरची पातळी आणि लाभक्षेत्रात असाल तर उजनीचा टीएमसीमधील एकूण साठा, हे तीन आकडे तारीख आणि एककासह वहीत उतरवावेत, आणि जानेवारीत नवी पातळी आली की उन्हाळी पिकाचे क्षेत्र त्यावरून ठरवावे.