डीए की विधिमंडळ? अमेरिकेतल्या मराठी मतदारासाठी

मतपत्रिकेत बरंच खाली 'डिस्ट्रिक्ट अटर्नी' (डीए), म्हणजे निवडून येणारा सरकारी वकील, अशी एक ओळ असते. महाराष्ट्रात सरकारी वकील सरकार नेमतं आणि आरोपपत्र पोलीस दाखल करतात. त्यामुळे तिथून आलेल्या मतदाराची नजर या ओळीवरून सहज घसरते. अमेरिकेत मात्र खटला भरायचा की नाही, आरोप कोणता ठेवायचा, जामिनाला किती मागायचं, कबुलीच्या बदल्यात काय सवलत द्यायची, हे डीए ठरवतो. ९० टक्क्यांहून अधिक शिक्षा कबुलीवरच होतात. बहुतेक प्रकरणांचा निकाल म्हणजे त्याच्या कार्यालयातच लागलेला असतो.

मग फौजदारी न्यायात सुधारणा हवी असणाऱ्याने जोर लावायचा कुठे, डीएच्या निवडणुकीवर की राज्याच्या विधिमंडळावर?

वेगात डीए पुढे. फिलाडेल्फियात लॅरी क्रॅस्नर जानेवारी २०१८ मध्ये डीए म्हणून रुजू झाले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी कार्यालयातल्या ३१ कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं आणि फेब्रुवारीत २५ किरकोळ गुन्ह्यांसाठी रोख जामीन मागणं थांबवलं. कायद्यातला काना-मात्राही बदलावा लागला नाही. इलिनॉयने संपूर्ण राज्यातून रोख जामीन काढला खरा, पण २०२१ चा तो कायदा कोर्टकचेऱ्यांतून वाट काढत सप्टेंबर २०२३ मध्ये लागू झाला.

टिकण्याचं गणित उलटं आहे. डीएचं परिपत्रक पुढचा डीए रद्द करतो, आणि पुढचा डीए लवकरही येऊ शकतो. सॅन फ्रान्सिस्कोत डीए चेसा बुडिन यांना मतदारांनी जून २०२२ मध्ये मुदत संपण्याआधीच मतदान करून पदावरून हटवलं (याला 'रिकॉल' म्हणतात). फ्रीमाँट ज्या काउंटीत येतं त्या अलामेडात डीए पमेला प्राइस यांनाही असंच हटवलं, त्यांची दोन वर्षंही पूर्ण झाली नाहीत. फ्लोरिडात तर गव्हर्नरनेच दोन निवडून आलेल्यांना निलंबित केलं. याउलट शिकागोत डीएसारख्याच पदावरून किम फॉक्स पायउतार झाल्या, त्यांच्या जागी अधिक कडक धोरणाच्या आयलीन ओ'नील बर्क आल्या, तरी रोख जामीन परतला नाही. तो आणायला कायदाच बदलावा लागेल. अर्थात कायदाही अमर नसतो. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये प्रपोझिशन ४७ ने (प्रपोझिशन म्हणजे मतदारांनी थेट मतदानाने मंजूर केलेला कायदा) सौम्य केलेल्या शिक्षांपैकी काही २०२४ च्या प्रपोझिशन ३६ ने पुन्हा कडक केल्या. मधे १० वर्षं मात्र गेली.

एडिसन किंवा जर्सी सिटीत राहत असाल तर प्रश्नच मिटला. न्यू जर्सीत काउंटीचे सरकारी वकील गव्हर्नर नेमतो. तिथे मत गव्हर्नर आणि विधिमंडळालाच.

इतरांना माझं मत सांगतो. जामीन आणि शिक्षेची लांबी यांसाठी कायदा बरा. पण किरकोळ चोरीत पकडलेल्या पोरावर खटला भरायचा की नाही, हे कायदा क्वचितच ठरवतो. त्यासाठी डीएच लागतो. शिवाय या निवडणुकीला मतदान कमी, त्यामुळे तुमच्या एका मताचं वजन जास्त. फक्त खरी लढत कधी असते ते बघा. फिलाडेल्फियात ती मे महिन्यातल्या डेमोक्रॅटिक प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत होते आणि त्या पक्षात तुमची नोंदणी नसेल तर तिथे मत देता येत नाही. पुष्कळ काउंट्यांत तर डीएसाठी एकच नाव असतं. तसं असेल तर तुमच्या भागाच्या आमदाराला गाठणं जास्त कामाचं.