रंगाला तीनपैकी तीन

दिसायला ही रेड एल, म्हणजे लालसर, उबेत आंबवलेली बीअर, फार देखणी आहे, त्यात वादच नाही. ग्लासात ओतली तेव्हा नुसतीच तांबूस वाटली. उजेडासमोर धरली तेव्हा बुडाशी, जिथे ग्लास निमुळता होतो तिथे, लालभडक झाक उमटली. फेस दोन बोटं, किंचित मळकट पांढरा, बारीक बुडबुड्यांचा. प्रत्येक घोटानंतर ग्लासच्या आतल्या बाजूला फेसाचं एकेक कडं उरत गेलं. ग्लास स्वच्छ असेल आणि बीअर नीट बनवलेली असेल तरच असं होतं. साबणाचा अंश जरी राहिला तरी फेस बसतो आणि बुडबुडे काचेला चिकटून राहतात, आणि मग शिव्या उगाच ब्रूअरीला पडतात.

तर रंगरूपाला तीनपैकी तीन. पण गंमत अशी की तीनच. बीजेसीपी ही बीअरच्या परीक्षकांना प्रमाणपत्र देणारी अमेरिकन संस्था आहे. तिच्या तक्त्यात एकूण ५० गुण असतात: वासाला १२, दिसण्याला ३, चवीला २०, तोंडातल्या स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०. म्हणजे लेबलवर 'रेड' हा शब्द जेवढा मोठा छापलाय, त्या मानाने लालपणाची किंमत अगदीच किरकोळ. उरलेले ४७ गुण डोळे मिटून द्यायचे असतात.

ब्रूअरीचं नाव लिहीत नाही. छोटी आहे, आणि एका बाटलीवरून कुणाची बदनामी करावी असं मला वाटत नाही. लेबल सांगतं ते एवढंच: आयरिश पद्धतीची रेड एल, ४.६ टक्के अल्कोहोल, २४ आयबीयू (कडवटपणा मोजायचं एकक). बीजेसीपीच्या वर्णनात या प्रकाराला ३.८ ते ५ टक्के आणि १८ ते २८ आयबीयू दिलेत, तेव्हा कागदावर सगळं चोख आहे. 'आयरिश' हा शब्द मात्र महत्त्वाचा, कारण नुसतं 'रेड' म्हटलं तर हातात काय पडेल याचा नेम नसतो. बेल्जियममधल्या फ्लॅन्डर्सची रेड लाकडी पिंपांत मुरलेली आणि चक्क आंबट असते. अमेरिकेतल्या कित्येक रेडमध्ये हॉप्सचाच, म्हणजे बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचाच, दंगा. आणि 'किलियन्स आयरिश रेड' तर आज एलही नाही, लागर, म्हणजे गारव्यात आंबवलेली बीअर आहे. आयर्लंडमधल्या एनिसकॉर्थी गावची जी ब्रूअरी १९५६ साली बंद पडली, तिच्या घराण्याचं नाव परवान्यावर घेऊन ही बीअर अमेरिकेत विकली गेली.

आता वास. बाटली फ्रिजमधून काढल्या काढल्या नाक घातलं तर जवळजवळ काहीच नाही. थंडगार बीअर मुकी असते. तिचे गुणही लपतात आणि दोषही. म्हणून पहिला हलका वास घेऊन, टिपून, मी ग्लास तसाच ठेवून देतो. तळव्यात धरून थोडा ऊबवला तरी चालतो. दहा अंशांच्या आसपास आली की ती बोलायला लागते. इथे आधी आला भाजलेल्या ब्रेडच्या कडेचा वास, मग टॉफी, मागे कुठेतरी मातकट, वाळल्या गवतासारखे हॉप्स. छान. ओल्या पुठ्ठ्याचा वास अजिबात नाही, म्हणजे बाटलीत हवा शिरलेली नाही आणि माल ताजा आहे. बाटली तपकिरी काचेची, त्यामुळे उजेड लागून येणारा तो उग्र दर्पही नाही.

आणि मग, अजून थोडी ऊब आल्यावर, लोणी. आधी वाटलं टॉफीचाच भाग असेल. पण ग्लासवर हात झाकून, एकदा गोल फिरवून पुन्हा हुंगलं तर सिनेमा थिएटरमधल्या पॉपकॉर्नचा वास स्पष्ट आला. हे डायअसिटिल, लोण्याचा वास देणारं रसायन. आंबवण कितीही चांगली झाली तरी यीस्टकडून त्याचा कच्चा माल तयार होतोच. नंतर तेच यीस्ट डायअसिटिल परत शोषून घेतं, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. शेवटी तापमान दोन-तीन अंश वर नेऊन एल तशीच राहू दिली की काम होतं. टाकी मोकळी करायची घाई असली आणि बीअर लवकर थंड करून टाकली, की यीस्ट झोपी जातं आणि लोणी मागे राहतं. आयरिश रेडमध्ये अगदी पुसटशी लोण्याची छटा परीक्षक चालवून घेतात. ही पुसट नाही. घोट गिळून नाकातून श्वास सोडला तरी होती, आणि जिभेवर एक तुळतुळीत थर बसल्यासारखं वाटत होतं. वासाला ७.

चवीची सुरुवात सुंदर आहे, हे आधी सांगतो. पहिला घोट गोलसर. कॅरॅमल आहे पण साखरेचा पाक नाही, मध्यावर बिस्किटासारखा खरपूसपणा. कडवटपणा मागे राहून तोल सांभाळतो. इथपर्यंत मी खूश होतो.

माझं भांडण शेवटाशी आहे. आयरिश रेडचा जीव तिच्या शेवटात असतो. गोड सुरू व्हायचं आणि गिळताना एकदम कोरडं व्हायचं, किंचित करपट, की तोंड साफ होऊन पुढचा घोट आपसूक मागावा. हे काम भाजलेल्या बार्लीचं. एकूण धान्यात ती अगदी चिमूटभर लागते, पण तेवढ्यात लाल रंगही येतो आणि शेवट कोरडाही होतो. एकाच दाण्याने दोन कामं. रंग नुसत्या कॅरॅमल माल्टवरही (मोड आणून खरपूस केलेल्या गोडसर धान्यावर) आणता येतो, पण मग गोडवा जिभेवर बसून राहतो. इथे तेच झालंय असा माझा अंदाज आहे. गिळल्यावर टॉफी रेंगाळते, तिच्यावर लोणी, आणि अर्धा ग्लास संपता संपता दोन्ही जड व्हायला लागतात. चवीला ११. स्पर्शाला ३: अंग मध्यम, वायू बेताचा, फक्त तो तुळतुळीतपणा नडला. एकंदर परिणामाला ५.

बेरीज २९. बीजेसीपीच्या भाषेत २१ ते २९ म्हणजे 'गुड', आणि ३० पासून 'व्हेरी गुड'. एक गुण इकडेतिकडे करून वरच्या खणात ढकलता आली असती, सोबत चाखणाऱ्या मित्राने तसा आग्रहही धरला. त्याने ३३ दिले. त्याला लोण्याचा वास फारसा जाणवतच नाही, काहींची नाकं त्या बाबतीत खरंच बोथट असतात, त्यामुळे तोही खोटं बोलत नाहीये. पण माझा तक्ता माझ्या नाकाने भरायचा.

ज्यांना कडू बीअर झेपत नाही, त्यांना ही आवडेल, आणि फार ऊबवू नका, सात-आठ अंशांवर संपवा. मी स्वतः हिची पुढची खेप निघाली तर एक बाटली नक्की घेईन. लोणी म्हणजे टाकीवरच्या घाईची गोष्ट आहे, ती पुढच्या खेपेला आपोआप सुटू शकते. शेवट कोरडा करायला मात्र त्यांना मूळ कृतीलाच हात लावावा लागेल.