फोल्डस्कोप : आठवीच्या वर्गात वापरून पाहिलेला कागदी सूक्ष्मदर्शक

आठवीला पेशी शिकवायची आणि शाळेत धड चालणारा सूक्ष्मदर्शक एकच, म्हणजे तासभर नुसती रांग. मागच्या बाकावरच्यांचा नंबर येईस्तोवर घंटा होते. म्हणून फोल्डस्कोप मागवले. न भिजणाऱ्या जाड कागदाचे सुटे भाग, घड्या घालून जुळवायचे, मधोमध मण्याएवढं भिंग. वजन ८ ग्रॅमच्या आसपास. आयआयटी कानपूरला शिकलेले मनू प्रकाश यांनी जिम सिबुल्स्की यांच्यासोबत अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात तो बनवला; २०१४ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला. जुळवताना पोरं माझ्यापुढे गेली.

वर्धन १४० पट. तेवढ्यात पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका दिसणार नाहीत, जिवाणूंचाही नाद सोडा. पण कांदा, गालाच्या आतला पापुद्रा, डबक्यातलं पाणी यांना ते पुरून उरतं.

खरी मजा लाल कांद्याने येते. पाकळीच्या बाहेरच्या अंगाचा जांभळा पापुद्रा चिमट्याने सोलायचा, थेंबभर पाण्यात पसरायचा, वर आच्छादन काच. रंग रिक्तिकेतच, म्हणजे पेशीतल्या रसाच्या पिशवीतच असतो, त्यामुळे पेशी रंगवायला आयोडीनची गरज नाही. विटांच्या भिंतीसारख्या जांभळ्या पेशी लख्ख दिसतात. मग काचेच्या एका कडेला चांगल्या खारट पाण्याचा थेंब सोडायचा आणि दुसऱ्या कडेने टिपकागदाने आधीचं पाणी ओढून घ्यायचं. थोड्या वेळात जांभळा रंग भिंत सोडून आत आकसू लागतो. भित्तिका जागच्या जागी, आतला ऐवज गोळा होतोय. परासरणाची, म्हणजे पातळ पडद्यातून पाणी जास्त खारट बाजूकडे जाण्याची, व्याख्या घोकून घेण्यात मी इतकी वर्षं घसा कोरडा केला, त्याचं काम मिठाने केलं. "बाई, माझी मेली का?" असं एकीने विचारलं. लगेच साधं पाणी सोडलं तर बऱ्याच पेशी परत फुगतात, तेही दाखवा.

आता तक्रारीची बाजू. आमच्या किटात बटणसेलवर चालणारा छोटा दिवा होता. मुलं तो चालू ठेवूनच डब्यात टाकतात, सेल उतरतो, आणि गावातल्या दुकानात नेमका तोच आकार मिळेल याची खात्री नाही. त्याहून मोठी काळजी वेगळी आहे. हा चपटा सेल लहान भावंडाने गिळला तर अन्ननलिका दोन तासांत भाजून निघू शकते. पोटात गेलाय म्हणून शौचावाटे पडायची वाट पाहायची नसते, तडक दवाखाना गाठायचा. मी तर दिवे मोजून परत घेते, घरी पाठवत नाही. खिडकीकडे तोंड करून पाहिलं तरी उजेड भरपूर मिळतो. फक्त सूर्याकडे रोखून कुणी बघणार नाही, हे आधी बजावायचं.

चुंबकाची चकती मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटवली की तेच चित्र पडद्यावर येतं आणि सगळा वर्ग एकदम बघतो. भिंगाला तेलकट बोट लागलं की मात्र सगळं धुकट. डबा खाल्ल्यावर हात धुतल्याशिवाय हात लावू देऊ नका.

शाळेसाठी घेणार असाल तर दिव्याबिव्याच्या भानगडीत न पडता साधे नग घ्या आणि उरलेल्या पैशांत काचपट्ट्या नि आच्छादन काचा जास्तीच्या आणा. त्या फुटतातच.