सहा महिन्यांत फुललं, म्हणूनच ते जेन्शियन नव्हतं

दिवाळीआधी नाशिकला गंगापूर रोडवरच्या एका प्रदर्शनात ‘पिवळं जेन्शियन’ (कडू, औषधी मुळांची एक युरोपीय वनस्पती) म्हणून रोपं विकत होते. एक रोप ३५० रुपयांना. कार्डावरचा फोटो मात्र अस्सल: पुरुषभर उंच दांडा, पानांच्या जोड्यांपाशी पिवळ्या फुलांचे झुपके. सहा महिन्यांत फुलेल, मुळं आम्हीच किलोच्या भावानं परत घेऊ, असा शिक्का मारलेला करारही देत होते. मी बागेसाठी थोडी घेतली, मेहुण्यांनी मखमलाबादच्या मळ्यात वाफाभर लावली. पैसे क्यूआर कोडवर. बिल मागितलं तर, “व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, काका.” आजतागायत आलेलं नाही.

होळीच्या आधी रोपं फुलली, पिवळीच. विक्रेत्याचा मेसेज आला, “बघा, शब्द पाळला!” फूलबाजारात माल देणारा मेहुण्यांचा एक ओळखीचा मळ्यात आला आणि हसायलाच लागला. “आबा, हा गोल्डनरॉड. बुकेत भरायला जुडीनं जातो.”

खरं पिवळं जेन्शियन आल्प्स, पिरेनीजच्या डोंगरांतलं. बी रुजायलाच आधी कित्येक आठवडे थंडी खावी लागते आणि पहिलं फूल यायला दहा वर्षंही लागू शकतात. पन्नास वर्षं जगणाऱ्या झाडाला घाई कसली? आपल्याला निफाडच्या थंडीचं कितीही कौतुक असलं, तरी पुढे एप्रिल-मे आहेच. म्हणजे सहा महिन्यांची ती हमीच खोटी होती.

पानांवरूनही कळतं. जेन्शियनची पानं रुंद, ठळक शिरांची, समोरासमोर. आमची अरुंद आणि एकाआड एक.

पैशांपेक्षा मला राग आहे तो विक्रेत्याच्या “मुळाचा काढा गुडघ्यांना चालतो” या सल्ल्याचा. युरोपातसुद्धा फुलं नसताना व्हेराट्रम ही विषारी वनस्पती जेन्शियन समजून लोकांनी वापरली आहे आणि त्यांना विषबाधा झाली आहे. तिचीही पानं एकाआड एकच असतात. इथे तर रोप कशाचं हेच ठाऊक नाही आणि म्हणे काढा करा! (जेन्शियनच्या कुळातलं कडू औषध म्हणजे आपलं काडेचिराईत. तेसुद्धा वैद्यांना विचारूनच घ्यावं.)

करारावरच्या सातपूरच्या पत्त्यावर बंद गाळा निघाला, फोनही बंद. मेहुण्यांनी कार्ड, करार, पेमेंटचे स्क्रीनशॉट जोडून तक्रार दिली आहे. कोणी याच स्टॉलवर ऑनलाइन पैसे भरले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करा, उशीर झाला की रक्कम अडवणं अवघड होतं. ग्राहक तक्रारीसाठी १९१५.