खांद्यातील गाठ: अंगठ्याचा दाब की ड्राय नीडलिंग?

पाठीवरच्या पंपाने फवारणी करणाऱ्यांच्या आणि हंगामभर कापूस वेचणाऱ्यांच्या खांद्याच्या स्नायूत धरलेली गाठ बाम आणि शेकाला दाद देईनाशी झाली की तालुक्याच्या ठिकाणचे फिजिओथेरपिस्ट बहुधा दोन मार्ग सुचवतात. एक म्हणजे गाठीवर अंगठ्याने दाब धरून ती सैल करणे आणि दुसरा ड्राय नीडलिंग, म्हणजे औषधाविना नुसती सुई गाठीत टोचणे. मी दोन्ही उपचार घेतले आहेत. पुढील मत त्या अनुभवापुरतेच समजावे.

दाबाची बाजू कमकुवत नाही. त्यात कातडीला छेद नसतो आणि एकदा जागा कळली की भिंत व चेंडू यांच्या आधाराने घरीही तो घेता येतो. दोन्ही उपचारांची तुलना करणाऱ्या अभ्यासांतही, निदान थोड्या काळापुरता, फारसा फरक दिसलेला नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी किंवा सुई पाहताच घेरी येणाऱ्यांनी दाबच निवडावा, असे माझेही मत आहे.

मला मात्र दाबातील एकच गोष्ट सतत खटकत राहिली आणि ती म्हणजे जागा शोधण्याची चाचपड. फऱ्याच्या हाडावरील स्नायूत गाठ असली तरी कळ खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात उतरते, त्यामुळे रुग्णाने बोट ठेवलेली जागा आणि खरी जागा यांत वीतभर अंतर पडते. त्यातून प्रत्येक वेळी “इथे का? की जरा वर?” अशी विचारणा सुरू होते. दाबले की सगळीकडेच दुखते. अशा वेळी रुग्ण संकोचाने होकार देतो आणि उपचार करणारा हात बदलला की सगळा शोध पहिल्यापासून होतो. दाब नेमका गाठीवर पडला की शेजारी, हे उठून घरी निघेपर्यंत मला कधीच खात्रीने सांगता आले नाही.

सुईच्या बाबतीत हा प्रश्न बराचसा स्नायूच सोडवतो. ती ताणलेल्या पट्ट्यात शिरली की स्नायू क्षणभर आपोआप फडफडतो आणि ते रुग्ण व उपचारक दोघांनाही एकाच वेळी कळते. गुण येण्यासाठी ही फडफड आवश्यकच आहे, याबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही, पण माझ्यापुरता तिने होकार-नकाराचा खेळ संपवला. ही सुई भरीव असते, तिच्यातून कोणतेही औषध आत जात नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल अशा गाठींत भूल देणारे औषध टोचत असत. पुढे 1979 मध्ये चेक डॉक्टर कारेल लेविट यांनी औषधाविना नुसत्या सुईनेही वेदना कमी होते, असे मांडले. अ‍ॅक्युपंक्चरची सुई अशीच असली तरी तेथे बिंदू ठरवण्याचा हिशेब वेगळा असतो.

नीडलिंगनंतर एक-दोन दिवस ती जागा ठणकते, क्वचित काळीनिळी होते. भरल्यावर वीस किलोंच्या आसपास जाणारा सोळा लिटरचा पंप त्या दिवसांत पाठीवर घेणे मला तरी जमले नाही. याहून गंभीर बाब अशी की मानेलगतच्या भागात फुप्फुसाचा शेंडा जवळ असतो आणि सुई खोल गेल्यास त्याला इजा होऊ शकते. म्हणून राज्याच्या फिजिओथेरपी परिषदेकडे नोंदणी असलेल्या आणि नीडलिंगचे वेगळे प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडेच जावे, तसेच सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगण्यात संकोच करू नये. गर्भवतींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उपचार घेऊ नये.

आपल्याकडे, विशेषतः पूर्व विदर्भात, सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण बरेच आहेत. त्या आजारातील हातापायांची आणि पाठीची कळ वरवर स्नायूची वाटू शकते, म्हणून घरात कोणाला तो असल्यास दोन्हींपैकी काहीही करण्याआधी रक्त तपासून घ्यावे.

गाठ नवी असेल आणि तिची जागा बोटाला सहज सापडत असेल तर दाबाने काम भागण्यासारखे आहे. कळ एकीकडे आणि मूळ दुसरीकडे, असा जुना दुखणाईत खांदा असेल तर मी सुईकडे झुकेन. फक्त ती फवारणीची पाळी आटोपल्यावर घ्यावी आणि नंतर सांगितलेले ताण देण्याचे व्यायाम चुकवू नयेत.