स्लॉटेड चॅनलचं भिंतीवरचं रॅक: छोट्या फ्लॅटसाठी घ्यावं का?

नाशिकमध्ये पाथर्डी फाटा, इंदिरानगर किंवा आडगावकडच्या वन-बीएचकेत जमिनीवर आणखी एक कपाट बसत नाही. भिंती मात्र रिकाम्या असतात. त्यासाठी बाजारात फ्लोटिंग शेल्फ (आधार न दिसणारी फळी), एल-ब्रॅकेट, चिकटवायचे हुक असं बरंच मिळतं. या सगळ्यांत आमचं मत दोन उभ्या स्लॉटेड चॅनलना (भिंतीवर पक्क्या करायच्या, खाचा असलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांना) अडकवायच्या ब्रॅकेटच्या रॅकला. पण एका अटीवर: सोबत येणारे स्क्रू वापरायचे नाहीत.

आधी ते मजबूत का, ते बघू. 12 इंच खोल फळीवर 20 किलो वजन ठेवलं की ते फळीला भिंतीपासून बाहेर ओढतं आणि सगळा ताण वरच्या स्क्रूवर येतो. तीन इंची एल-ब्रॅकेटची जोडी असेल तर वरच्या प्रत्येक स्क्रूला साधारण 20 किलोची ओढ बसते. तेच वजन तीन फुटी चॅनलवर असेल, तर वरचा आणि खालचा स्क्रू एकमेकांपासून दूर असल्यामुळे ही ओढ दोन किलोच्या आसपास येते. म्हणून दीड फुटाचे दोन तुकडे घेण्यापेक्षा तीन किंवा चार फुटांचा अखंड चॅनल घ्यावा. फ्लोटिंग शेल्फ दिसायला देखणं असतं, पण त्याची पकड दोन-तीन इंचांत संपते. त्यावर फोटो आणि घड्याळ ठेवावं, पुस्तकं नकोत. एक मीटर पुस्तकांचं वजन सहज 20 ते 30 किलो होतं.

आता भिंत. जुन्या सिडकोच्या घरांत लाल वीट असते. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रामुळे इथे राखेच्या विटाही पुष्कळ वापरल्या जातात. नव्या इमारतींत सिपोरेक्सचे हलके ब्लॉक असतात, काही ठिकाणी पूर्ण काँक्रीटची भिंत. ओळखायला सोपं आहे: कोपऱ्यात बारीक भोक पाडून पावडर बघा. लाल आली तर वीट, राखाडी आणि घट्ट आली तर राखेची वीट किंवा काँक्रीट, आणि पांढुरकी पावडर येऊन ड्रिल लोण्यात शिरल्यासारखं आत गेलं तर सिपोरेक्स.

विटेला 8 मिमीचा नायलॉन प्लग (भोकात बसवायची गिट्टी) आणि 65 ते 70 मिमी लांबीचा स्क्रू लागतो. आतलं प्लास्टर 12 ते 15 मिमी असतं आणि त्याची पकड धरायची नसते. प्लग प्लास्टर ओलांडून विटेतच बसला पाहिजे. पाकिटातले स्क्रू इंचभराचे असतात, म्हणजे सगळी मदार प्लास्टरवर. रॅक पडतं तेव्हा बहुतेक वेळा चॅनल शाबूत असतो आणि प्लास्टरचा पापुद्रा त्याच्यासोबत खाली येतो, तो यामुळेच. सिपोरेक्समध्ये ड्रिलचा हॅमर बंद ठेवून फक्त फिरवायचं आणि निदान 80 मिमीचा लांब नायलॉन प्लग वापरायचा. लोखंडी फास्टनर तिथे नकोच, तो फुगताना ब्लॉकच चुरडतो. काँक्रीटला रोटरी हॅमर (जोरात ठोके देणारं ड्रिल) लागतो. आत सळई लागली तर जोर न करता भोक थोडं सरकवावं.

भोक पाडण्याआधी स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली आणि नळांच्या वरची पट्टी सोडून द्या, वायर आणि पाईप तिथूनच जातात. बाथरूमच्या मागची भिंत आणि पावसाचा मारा खाणारी पश्चिमेची भिंतही शक्यतो टाळा. पावसाळ्यात तिथलं प्लास्टर फुगतं आणि प्लग सैल होतो.

बसवताना पहिला चॅनल फक्त वरच्या स्क्रूवर लटकवा, ओळंब्याने सरळ करा आणि मग खालची भोकं मारा. दुसरा चॅनल मोजपट्टीच्या भरवशावर लावू नका. दोन्हीकडे एकाच खाचेत ब्रॅकेट अडकवा, वर फळी आणि स्पिरिट लेव्हल ठेवा, मगच खूण करा. चॅनल कापायचा असेल तर दोन्ही एकाच टोकाकडून कापा, नाहीतर खाचा जुळत नाहीत आणि फळी कायमची तिरकी राहते. 18 मिमी प्लायसाठी दोन चॅनलमध्ये दोन फुटांहून जास्त अंतर नको, 12 मिमीसाठी दीड फूट. पार्टिकल बोर्ड घेऊ नका, तो मधोमध झोल खातो. स्वयंपाकघरात आयएस 710 शिक्का असलेला, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय घ्या आणि कापलेल्या कडा पट्टीने बंद करा. शेवटी फळी खालून ब्रॅकेटला स्क्रूने पक्की करा. ब्रॅकेट नुसतं खाचेत टेकलेलं असतं, पुढून वर उचललं गेलं की निघून येतं.

जास्त खोल फळीचा मोह आवरा. 12 इंची फळीवर मागचा डबा काढायला पुढचे दोन हलवावे लागतात, ओट्यावर 8 इंच पुरे. पहिली फळी ओट्यापासून 18 ते 20 इंच वर असावी आणि शेगडीच्या डोक्यावर काहीच नको. पापड, कुरडया, शेवयांचे डबे जागा खातात पण हलके असतात, ते सगळ्यात वरच्या फळीवर छान बसतात. वर्षाचे गहू मात्र जमिनीवर, कोठीतच. पलंगाच्या उशाशी एकही फळी नको.

उणिवा आहेतच. स्वस्त चॅनलचा पत्रा इतका पातळ असतो की दुकानातच हाताने पिळला तर वळतो, तो घेऊ नका. ब्रॅकेटचं पुढचं टोक डोक्याच्या उंचीला आलं तर लागतं, म्हणून फळी टोकाच्या अर्धा इंच पुढे ठेवा. ओल्या जागी रंग खाचांपासून सोलतो आणि तिथूनच गंज धरतो. भाड्याच्या घरात आठ-दहा भोकं पडतात, त्यामुळे घरमालकाला आधी विचारा. सोडताना भोकं पुट्टीने बुजवता येतात, रंगाचा ठिपका मात्र दिसतो.

भोकं नकोच असतील तर चिकटवायचे हुक फक्त गुळगुळीत टाईलवर लावा. टाईल पुसून पूर्ण कोरडी करा, हुक लावल्यावर दिवसभर काही लटकवू नका, आणि झारा-चिमट्यापलीकडे वजन देऊ नका. डिस्टेंपरवर ते रंगासकट निघतात.

खरेदी करताना चॅनल आणि ब्रॅकेट एकाच कंपनीचे घ्या आणि दोन ब्रॅकेट जास्तीची घ्या. खाचांमधलं अंतर कंपनीगणिक वेगळं असू शकतं, पुढे एखादी फळी वाढवायची झाली तर दुसरीकडचं ब्रॅकेट त्यात बसेलच असं नाही.