व्हीगन व्हायचंय, पण चहात काय घालायचं?

इंदुरात व्हीगन व्हायचं, म्हणजे दूध-तुपासकट प्राण्यांपासून मिळणारं सगळं खाणं सोडायचं म्हटलं की घरात पहिला प्रश्न येतो, "मग खाणार काय?" खरं म्हणजे शेव आणि जिरावण (इंदुरी मसाला) घातलेले पोहे, उसळ, तेलात तळलेला गराडू (एक कंद), घरची आमटी, झुणका-भाकरी यांत दूध नसतंच. सराफ्यातल्या खाऊगल्लीतला भुट्ट्याचा कीस मात्र टाळा, त्यात दूध असतं. एरवी अडतं ते तीन ठिकाणी: वरणभातावरचं तूप, जेवणातलं दही आणि चहा. माझं मत विचाराल तर सोडायचे तेही याच क्रमाने. तिन्ही एकदम बंद केले की चिडचिड होते आणि बेत बारगळतो.

तुपासाठी फार शोधाशोध नको. गरम वरणावर घाण्याचं शेंगदाणा तेल किंवा लसणीची चरचरीत फोडणी घ्या. पुरणपोळीबरोबर नारळाचं दूध घ्या. कित्येक घरांत ती पद्धत आधीपासूनच आहे.

दुधाच्या जागी काय, हे मात्र नीट विचार करून ठरवा. रोजच्या वापराला माझी पसंती सोयाबीनला. ते माळव्याचंच पीक, देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इंदुरातच. १०० मिलिलिटर सोया दुधात साधारण ३ ग्रॅम प्रथिनं असतात, म्हणजे गाईच्या दुधाच्या जवळपास. तक्रार असते ती उग्र वासाची. रात्रभर भिजवलेले दाणे चोळून सालं काढा, उकळतं पाणी घालून वाटा, गाळा आणि ढवळत १५-२० मिनिटं उकळा. वास बराच कमी होतो. ही उकळी टाळू नका, कच्चं सोया पचत नाही. चहा करताना आलं आणि पत्ती उकळून गॅस बंद करायचा, मग गरम सोया दूध वरून ओतायचं. सगळं एकत्र उकळलंत तर फाटायची भीती जास्त.

शेंगदाण्याचं दूध चहात मला आवडत नाही, दाण्याची चव वर येते. दह्याला मात्र तेच घ्या. उकळून कोमट झालं की हिरव्या मिरचीची चार-पाच देठं टाकून उबेला झाकून ठेवा. पहिलं दही पातळ लागतं; त्याचंच विरजण पुढच्या वेळी लावा. कढी छान होते.

दुधाच्या तयार डब्यांपैकी ओट्सच्या दुधाचा चहा बरा दाट होतो. बदामाच्या दुधात १०० मिलिलिटरमागे प्रथिनं बहुधा १ ग्रॅमपेक्षाही कमी आणि किंमत दुधाच्या कितीतरी पट. दिवसाला तीनदा चहा ठेवणाऱ्या घराला ते परवडणारं नाही. डबा घेताना साखर आणि कॅल्शियमचे आकडे वाचा, एफएसएसएआयचं (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं) व्हीगन पदार्थांसाठीचं हिरवं 'व्ही' चिन्ह बघा.

यातलं काहीही निवडलंत तरी बी-१२ जीवनसत्त्वाचा प्रश्न सुटत नाही. शाकाहारी माणसांत ते अनेकदा आधीच कमी निघतं. म्हणून दूध सोडण्याआधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना विचारून गोळी सुरू करा. कॅल्शियमसाठी तिळाची चटणी आणि नाचणीची भाकरी रोजच्या ताटात येऊ द्या. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल, तर आहारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय त्यांचं दूध बंद करू नका.